पाजताना पाहिलं का?

महाराष्ट्राच्या आरोग्याच्या आकडेवारीत एक न जुळणारी जोडी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) जन्मल्यावर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं ५७.५ टक्के होती. पाचव्या फेरीत (२०१९-२१) ती ५३.२ टक्क्यांवर घसरली. त्याच काळात पहिले सहा महिने निव्वळ आईच्या दुधावर असणारी बाळं मात्र ५६.६ वरून ७१ टक्क्यांवर गेली. सुरुवात बिघडली आणि पुढचं सुधारलं, असा हा हिशेब. पाचव्या फेरीच्या वेळी राज्यातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती आणि २५.४ टक्के सिझेरियन होती. घराघरांत सुधारणा होत असताना दवाखान्यातला पहिला तास कुणी खाल्ला, हे त्यावरून थोडंफार कळतं.

वाशीम हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला सहा तालुक्यांचा जिल्हा. २०१८ पासून तो केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे आणि त्या यादीतली प्रगती मोजण्याच्या निकषांत 'तासाभरात स्तनपान' हाही एक आहे. त्यामुळे इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत या विषयाची चर्चा निघते ती बहुधा आकड्यावरूनच.

खाली बोलणाऱ्या दोघी मी रचलेल्या आहेत, पण त्यांच्यातला वाद रचलेला नाही. तो आरोग्य खात्याच्या कुठल्याही बैठकीनंतर ऐकू येतो. एक तरुण वैद्यकीय अधिकारी, शिकून ताजी, तंत्रावर विश्वास असलेली. दुसरी तीसेक वर्षं उपकेंद्र सांभाळून निवृत्त झालेली आरोग्यसेविका. तिला अजून सगळे सिस्टरच म्हणतात. ऑगस्टचा पहिला आठवडा, म्हणजे स्तनपान सप्ताह. आशा स्वयंसेविकांची मासिक बैठक संपलेली, भिंतीवर बॅनर, बाहेर सोयाबीन फुलावर आलेलं.

डॉक्टर : सिस्टर, आज मी आशांना विचारलं, बाळंतिणीच्या घरी गेल्यावर करता काय? सगळ्यांचं एकच उत्तर, "समजावून सांगतो." चिकाचं दूध फेकू नका, सहा महिने पाणी नको, दोन्ही बाजूंनी पाजा. तोंडपाठ. मग विचारलं, तुमच्या समोर तिला पाजायला लावता का? पाजताना पाहता का? कुणी बोलेना.

सिस्टर : कशा बोलतील? बाळंतीण आतल्या खोलीत बाजेवर, खाली शेगडी, दाराला पडदा. आशा बसते ओसरीवर. चहा होतो, सासूशी बोलणं होतं, बाळ बाहेर आणतात, झोळीच्या काट्यावर वजन होतं, कार्डावर सही होते. आत जाऊन 'पदर काढ, बघू दे' म्हणायला अंगात धीर लागतो. त्यातून ती आशा गावचीच सून. चार घरं सोडून राहणारी.

डॉक्टर : पण तिथेच तर सगळं आहे! "दूध पुरत नाही" म्हणून माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेक जणींना दूध असतं. बाळानं नुसतं बोंड तोंडात धरलेलं असतं, भोवतीचा काळा भाग सगळा बाहेर. बोंडाला चिरा पडतात, कळ जाते, आई लवकर सोडवते. स्तन रिकामा होत नाही आणि जो रिकामा होत नाही तो पुढच्या वेळी कमी दूध तयार करतो. पाचव्या-सहाव्या दिवशी घरात ठरतं, दूध आटलं. पकड सुधारली की बऱ्याचदा दोन दिवसांत फरक दिसतो. तोंड मोठं उघडलेलं हवं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, काळा भाग खालच्यापेक्षा वरच्या बाजूला जास्त दिसायला हवा. चार खुणा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे आरोग्याचे व्हिडिओ आहेत, डॉ. रूपल दलाल यांच्या मार्गदर्शनाखालचे, मराठीतही. आशांच्या मोबाइलवर ते आहेत. बघतं कोण?

सिस्टर : पकडीचं खरं आहे, मी नाही म्हणत नाही. पण तुम्ही बाईच्या छातीपासून सुरू करता, मी तिच्या ताटापासून सुरू करते. काय खाल्लं सकाळपासून, हे मी पहिलं विचारते. काही घरांत सव्वा महिना निव्वळ भात आणि फिकं वरण. भाजी नको, वातूळ. पाणी जास्त नको, पोट सुटेल. आणि काही घरांत याच्या उलट, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपा, खोबरं. दोन्ही घरं एकाच गल्लीत.

डॉक्टर : पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. दोन मोठ्या भाकरी आणि वाटीभर वरण धरा. पण शास्त्र असं सांगतं की आई थोडी कमी जेवली तरी दुधाचं प्रमाण फारसं घटत नाही. शरीर स्वतःच्या साठ्यातून देत राहतं. म्हणून 'जेवत नाही म्हणून दूध नाही' हे कारण मी मान्य करत नाही.

सिस्टर : म्हणजे लेकराचं निभतं आणि आई झिजते. बरोबर? मग तुमच्या फॉर्मात आई कुठे आहे? बाळाचं वजन आहे, तापमान आहे, नाळ कोरडी आहे का ते आहे. आईला ताप, रक्तस्राव एवढं विचारलेलं आहे. ती रात्री किती झोपली, तिला कुणी वाढलं का, ती रडते का, याला रकाना नाही.

*डॉक्टर इथे थोडी थांबली असती, असं मला वाटतं. स्तनपानावरची आपली बहुतेक सरकारी भाषा बाळाच्या बाजूची आहे. आई त्यात दूध देणारी व्यक्ती म्हणून येते, आणि तिला काही लागलं तर ते दुधासाठी लागलं असं धरलं जातं.*

डॉक्टर : तुमचं म्हणणं कळलं. पण आईची काळजी घ्यायची म्हणून बाळाच्या तोंडात काहीही गेलेलं मी चालू देणार नाही. उन्हाळ्यात पाणी, पहिल्या दिवशी मध, मग गुटी. आईच्या दुधात जवळजवळ ८८ टक्के पाणीच असतं. इथे मेमध्ये पारा ४२-४३ च्या वर जातो तेव्हाही सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरून पाणी लागत नाही. जास्त वेळा पाजलं की झालं.

सिस्टर : सासूला टक्के सांगून पाहा. ती म्हणते, "उन्हायात लेकराले पानी नाई देल्लं त त्याचा टाळू सुकन ना बाप्पा! आमी का लेकरं वाढवले नाई?" आता यात तिचं काय चुकलं? तिनं पाच वाढवले. मी तिला खोटं पाडत नाही. मी म्हणते, आजी, लंगोट तुम्हीच मोजा. दिवस-रात्र मिळून सहा ओले झाले तर लेकराला पुरतंय. पण त्या दिवसांत पाण्याचा थेंब द्यायचा नाही. पाणी दिलं तर लंगोट पाण्यानं ओले होतील आणि मोजणं फुकट जाईल.

डॉक्टर : हे मला सुचलं नव्हतं. पाणी देणाऱ्या घरात लघवीची संख्या फसवीच. शिवाय पाण्यानं पोट भरलं की बाळ कमी ओढतं, म्हणून दूधही कमी.

सिस्टर : आणि सहा लंगोट आजीनं स्वतः मोजले की ती शेजारणीलाही सांगते. काट्याचंही तसंच. पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन उतरतं, हे आधी सांगून ठेवा. नाहीतर सातव्या दिवशी काटा पाहून घर घाबरतं आणि शेळीचं दूध आणतं.

डॉक्टर : हो, सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरू शकतं आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत यायला हवं. पुढे दिवसाला वीस-तीस ग्रॅम. त्यापेक्षा जास्त उतरलं किंवा चौदाव्या दिवशीही भरून आलं नाही, तर मग समजावणं बंद करून पाठवा माझ्याकडे. पण गुटीचं काय? तुम्ही गुटी चालू देत होता, असं मी ऐकलं.

सिस्टर : देत नव्हते. भांडत नव्हते, एवढंच. ज्या घरात बाटलीनं वरचं दूध चालू आहे, त्या घरात मी आधी बाटली काढते. गुटीवर नंतर येते. एका भेटीत चार 'नको' सांगितले की पाचव्या दिवशी दार उघडत नाहीत.

डॉक्टर : मला हे पटत नाही. सहाणेवर उगाळलेली मुळी, त्यात कच्चं पाणी, वर मध. मधातून एक वर्षाच्या आतल्या बाळाला बोट्युलिझम होऊ शकतो. पहिल्या महिन्यात क्रम लावायला वेळ नाही, सगळंच बंद.

सिस्टर : बंद म्हणून तुम्ही सांगाल आणि तुमची पाठ वळली की आजी उगाळेल, फक्त यापुढे कुणाला सांगणार नाही. लपून चाललेल्या गुटीपेक्षा मला माहीत असलेली गुटी बरी. आजीला काम द्या मॅडम. पाजून झालं की उभं धरून ढेकर काढणं तिचं. बाळ कमी वजनाचं असेल तर कांगारूसारखं उघड्या छातीशी धरणं तिला शिकवा, आईला दोन तास झोप मिळते. गुटी उगाळणारा हात रिकामा राहिला की तो परत गुटीच उगाळतो.

यावर त्यांचं एकमत झालं नाही आणि व्हावं असं मला वाटतही नाही. डॉक्टरचं शास्त्र खरं आहे. सिस्टरचा दाराचा अनुभवही खरा आहे. मी स्वतः मधाच्या बाबतीत डॉक्टरकडे आणि बाकीच्या क्रमाच्या बाबतीत सिस्टरकडे झुकतो.

डॉक्टर : बरं, भेटींकडे येऊ. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायची ही पद्धत आपल्याच विदर्भातून देशभर गेली. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत गावच्या बायकांना शिकवून ती उभी केली. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला, १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये निबंध आला. स्तनपानाला चालना देणारी 'बीपीएनआय' ही संस्थासुद्धा १९९१ साली वर्ध्यातच सुरू झाली. २०११ पासून आशांच्या भेटी देशभर ठरलेल्या आहेत. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. यांत तिसरा दिवस माझ्या दृष्टीनं सोन्याचा. दूध उतरायची वेळ तीच, छाती दगडासारखी दाटते ती तेव्हाच, आणि बाळ रात्रभर रडतं तेही तेव्हाच.

सिस्टर : तिसऱ्या दिवशी ती असते कुठे? सरकारी दवाखान्यात ४८ तास ठेवायचं. मग घरी. घर म्हणजे कुणाचं? पहिलटकरीण माहेरी जाते. नाव नोंदलेलं सासरच्या गावात, मालेगाव तालुक्यात, माहेर रिसोडकडे. सासरची आशा म्हणते, माझी बाई गावात नाही. माहेरची म्हणते, माझ्या यादीत नाही. सिझेरियन असलं तर ती पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत दवाखान्यातच. तुमचा सोन्याचा दिवस असा दोन गावांच्या मध्ये पडतो.

डॉक्टर : म्हणजे माहेरी जाणंच अडचणीचं?

सिस्टर : अजिबात नाही! माहेर हीच तर बाईची खरी रजा. तिथे तिला कुणी भांडी घासायला उठवत नाही. आई शेजारी झोपते, रात्री बाळ उचलून देते. सासरी दूध नसलेल्या बाईला माहेरी दूध आलेलं मी कितीदा पाहिलं. अनोळखी माणूस गोठ्यात आला की गाय पान्हा चोरते, हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. मग सुनेला दिवसभर बोलणी बसली की तिचं दूध कुठे गेलं, हे का विचारावं लागतं?

डॉक्टर : ते शास्त्रात बसतं. दूध तयार होणं एक, ते बाहेर सोडलं जाणं दुसरं. सोडणारा ऑक्सिटोसिन भीतीनं, दुखण्यानं, लाजेनं अडतो. म्हणून बाई म्हणते आटलं, पण ते आत असतं.

सिस्टर : मग आशाला सांगा, जाऊन पहिल्यांदा त्या घरातला आवाज खाली आण.

डॉक्टर : सांगते. पण भेटींचं महत्त्व तुम्ही कमी करू नका. मेक्सिको शहरातला १९९९ चा अभ्यास आहे. सहा भेटी मिळालेल्या आयांपैकी ६७ टक्के तीन महिन्यांपर्यंत निव्वळ अंगावर पाजत होत्या, तीन भेटी मिळालेल्यांपैकी ५०, आणि भेटीच नसलेल्यांपैकी १२. ढाक्यातला, २००० मध्ये आलेला अभ्यास तर आपल्यासारख्याच वस्तीतला. शेजारच्याच बायका दहा दिवस शिकवून तयार केल्या, पंधरा भेटी. पाचव्या महिन्यात ७० टक्के, आणि भेटी नसलेल्या वस्तीत ६ टक्के. आशाला दुसरं काय वेगळं करायचंय?

सिस्टर : ढाक्यातल्या त्या बायकांना एकच काम होतं. आपल्या आशेकडे हजार लोकवस्ती. टीबीच्या गोळ्या, लसीकरण, मलेरियाची पाहणी, सर्वेक्षण, गोल्डन कार्ड, वर कुणाचं आधार लिंक होत नाही तेही तिच्याच माथी. आणि केंद्राच्या मूळ दरानं सहा भेटी पूर्ण केल्या की २५० रुपये. भेटीला बेचाळीस रुपयेसुद्धा पडत नाहीत. त्यात तुम्ही म्हणता, एक पाजणं पूर्ण होईपर्यंत बस. पाऊण तास. शेतावर गेली तर तिला मजुरी जास्त मिळते.

*२०१६ पासून 'मा' नावाचा केंद्राचा कार्यक्रम आहे, स्तनपानासाठीच. त्यात आशांनी तिमाहीला आयांची बैठक घ्यायची, त्याचे शंभर रुपये. कार्यक्रम चांगला आहे. पण त्याची पोस्टरं पाहिली की वाटतं, आयांना सांगायचं काय ते ठरवायला बुद्धी खर्ची पडली आणि सांगणारीच्या वेळेची किंमत लावताना ती संपली.*

डॉक्टर : पैशांचं माझ्या हातात नाही. दवाखान्यातलं काही आहे. बाळ जन्मलं की पुसून आईच्या पोटावर, वजन नंतर, नातेवाइकांना दाखवणं नंतर. एवढं लेबर रूममध्ये पाळलं तरी पहिला तास वाचतो.

सिस्टर : तुमच्या केंद्रात वाचेल. पण बरीच सिझेरियन खासगीत होतात. तिथून बाई घरी येते ती पिशवीत पावडरचा डबा घेऊन. डॉक्टरांनीच लिहून दिलाय म्हटल्यावर आशेचं कोण ऐकतं? गावातलं दुकान डबा खपवत नाही मॅडम, चिठ्ठी खपवते.

डॉक्टर : कायदा आहे त्यावर. १९९२ चा, २००३ मध्ये आणखी कडक केलेला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या दुधाच्या पावडरीची जाहिरात नाही, फुकट नमुने नाहीत, आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटी नाहीत. पण कायदा कंपनीच्या जाहिरातीला अडवतो. आईला भूल उतरायच्या आत 'तुम्हाला दूध नाही' असं सांगणाऱ्या वाक्याला कुठलं कलम लावणार? सिझेरियननंतर आईला कुशीवर झोपवून, उशीचा आधार देऊन पाजता येतं. एक नर्स दहा मिनिटं थांबली पाहिजे.

सिस्टर : परत वेळच.

डॉक्टर : हो. परत वेळच. आणि कुठे डबा खरंच लागतो तेही बोलू. काही आयांना खरोखर दूध कमी असतं, काही बाळं फार लवकर जन्मतात, काही आया वाचत नाहीत. मुंबईत शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू केली, आशियातली पहिली. ती अशाच बाळांसाठी. आपल्या खेड्यात ती नाही. तिथे वरचं दूध द्यायची वेळ आली तर बाटली नको, वाटी-चमचा, एवढं तरी शिकवायला हवं.

सिस्टर : आणि तेव्हा त्या बाईला 'आईचं दूध अमृत' ऐकवायचं नाही. सप्ताहात ते बॅनर लागलं की एखादी मान खाली घालून निघून जाते. मी पाहिलंय. तिनं काही पाप केलेलं नसतं.

इथे बोलणं बेचाळिसाव्या दिवसावर आलं. कागदावर कुणाला न दिसणारी भेग सिस्टरनं दाखवली. सव्वा महिना आणि आशाची शेवटची भेट जवळजवळ एकाच वेळी संपतात. त्यानंतरची नेमलेली भेट तिसऱ्या महिन्याला. मधे जवळपास दीड महिना, आणि शेतमजूर बाई कामावर परतते ती याच दीड महिन्यात. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन काढणीला आलं की कुणाला थांबता येत नाही. तांड्यावरची काही जोडपी बाळ घेऊन उसाच्या फडावर किंवा वीटभट्टीवर जातात. तिथे तर यादीच नाही. नोकरदार बाईला २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. रोजंदारीवालीला मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळाला ५००० रुपये. बाळाच्या पहिल्या सहा महिन्यांवर ते पसरले तर दिवसाला अठ्ठावीस रुपयेही होत नाहीत. एसटी स्थानकावर हिरकणी कक्ष आहेत, चांगली गोष्ट. पण बाभळीच्या सावलीला झोळी बांधून तुरीच्या ओळीत काम करणाऱ्या बाईच्या ते उपयोगाचे नाहीत.

डॉक्टर : दूध काढून ठेवता येतं की. हातानं, स्वच्छ स्टीलच्या वाटीत, झाकून. आजी चमच्यानं पाजेल.

सिस्टर : या उन्हात किती तास टिकेल? आणि 'पिळलेलं दूध' पाजायला आजी तयार होत नाही. त्यापेक्षा शेत जवळ असेल तर दुपारी बाळ बांधावर आणून द्यायला नवऱ्याला सांगा. मोटारसायकल आहे, पाच मिनिटं. मी हे नवऱ्यांना सांगितलंय. हसतात आधी. मग आणतात काही जण. आपल्या सगळ्या बैठका बायकांच्या. नवऱ्यांना कुणी कधी बोलावलंच नाही.

डॉक्टर : दीड महिन्याची भेग मला भरता येईल असं वाटतं. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला ती लसीला येतेच ना? ग्राम आरोग्य पोषण दिनाला आपणच तिथे असतो. लस टोचली की बाळ रडतं, आई तिथेच अंगावर घेते. पाहायची याहून चांगली वेळ कुठली? पडदा नाही, सासू नाही. उपकेंद्राच्या आताच्या सिस्टर लस देतील, समुदाय आरोग्य अधिकारी किंवा अंगणवाडी ताई पाजताना पाहतील. कुणाच्या छातीत गाठ असेल, ताप असेल, तर त्याच दिवशी औषध, आणि त्या बाजूनं पाजणं बंद करू नको हे सांगणं. घरी नेमकं तेच बंद करतात.

सिस्टर : हे होईल. अंगणवाडीच्या आतल्या कोपऱ्यात एक सतरंजी टाकून द्या. मात्र चाळीस लेकरं असलेल्या दिवशी नाही जमणार, हेही लिहून ठेवा.

डॉक्टर : आणि आशाच्या फॉर्ममध्ये मी एक रकाना वाढवते. 'एक पूर्ण पाजणं पाहिलं : होय किंवा नाही.'

सिस्टर : सगळ्या 'होय' लिहितील. पुढच्या महिन्यात तुमचा तालुका पहिला येईल. रकाना नको. बैठकीत आशाला विचारा, तुझ्या अमक्या बाळंतिणीचं लेकरू कोणत्या बाजूला नीट धरत नाही? पाहिलं असेल तर पटकन सांगेल. नसेल पाहिलं तर तुमच्याकडे बघत राहील. तेव्हाही ओरडू नका, तिच्याबरोबर एकदा तुम्हीच जा.

डॉक्टर : जाईन. मला माहेरी आलेल्या आणि गेलेल्या बाळंतिणींची वेगळी यादी हवी आहे, गावाच्या आणि त्या गावातल्या आशाच्या फोन नंबरसह. सासरची आशा फोन करून माहेरच्या आशेला सांगेल, तिसऱ्या दिवशी ती जाईल. एवढं तर आपल्या पातळीवर होऊ शकतं.

सिस्टर : होऊ शकतं. तीन भेटी माहेरची करेल, तीन सासरची. आता मला एवढंच सांगा, सहा पूर्ण झाल्यावर मिळणारे अडीचशे रुपये दोघींपैकी कुणाच्या खात्यात टाकणार?